एक मॉनिटर, एक कीबोर्ड आणि दोन कॉम्प्युटर: केव्हीएम स्विच निवडण्यापासून जोडण्यापर्यंत

घरून काम करणाऱ्यांच्या टेबलावर आता बहुधा दोन यंत्रं असतात: कंपनीने दिलेला लॅपटॉप आणि घरचा डेस्कटॉप. मॉनिटर मात्र एकच, तोही बरे पैसे मोजून घेतलेला. मग टेबलावर कीबोर्ड दोन, माउस दोन, आणि ऑफिसचं काम संपलं की मॉनिटरच्या मागे हात घालून एक केबल उपसायची, दुसरी खुपसायची. यावर उपाय म्हणून जी डबी मिळते तिला केव्हीएम स्विच म्हणतात. कीबोर्ड, व्हिडिओ आणि माउस यांची ती आद्याक्षरं. बटण दाबलं की तिन्ही गोष्टी एका कॉम्प्युटरकडून दुसऱ्याकडे जातात.

यातला कीबोर्ड-माउसचा भाग सोपा आणि स्वस्त आहे. पैसा, डोकेदुखी आणि दुकानदाराला परत केलेल्या डब्या हे सगळं चित्रामुळे होतं. म्हणून पुढे जे लिहिलंय त्यातला मोठा भाग चित्राचा आहे. आणि चित्र त्या डबीतून न्यायची गरजच नसेल तर नेऊ नका, हा माझा पहिला सल्ला.

आधी कागद-पेन घ्या

खरेदीची साइट उघडण्याआधी प्रत्येक यंत्राची पाठ नीट बघा आणि लिहून काढा.

मॉनिटरला कोणती इनपुट आहेत? एचडीएमआय किती, डिस्प्लेपोर्ट आहे का, यूएसबी-सी आहे का? त्याचं रिझोल्यूशन किती आणि रिफ्रेश रेट, म्हणजे सेकंदाला चित्र किती वेळा ताजं होतं तो हर्ट्झमधला आकडा, किती? हे आकडे खोक्यावरून घेऊ नका. सध्या प्रत्यक्षात काय चालू आहे ते बघा. विंडोजमध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले आणि तिथे अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले असं गेलात की दोन्ही आकडे दिसतात.

मग कॉम्प्युटर. डेस्कटॉपला वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर व्हिडिओची केबल त्या कार्डाला लागते, मदरबोर्डच्या एचडीएमआयला नाही. लॅपटॉपला एचडीएमआय आहे की फक्त यूएसबी-सी? यूएसबी-सी असेल तर त्यातून चित्र बाहेर येतं का? सगळ्यांतून येत नाही. त्यासाठी डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड लागतो. पोर्टशेजारी डिस्प्लेपोर्टचं किंवा थंडरबोल्टचं चिन्ह असेल तर प्रश्न मिटला. चिन्ह नसेल तर मॉडेल नंबर टाकून कंपनीच्या साइटवरचं स्पेसिफिकेशन वाचा. दुकानदाराच्या ‘चालतंय की’वर विसंबू नका.

तिसरी नोंद जोडायच्या वस्तूंची: कीबोर्ड, माउस, वेबकॅम, हेडसेट, प्रिंटर, बाहेरची हार्ड डिस्क. आणि चौथी सगळ्यात महत्त्वाची: दिवसातून किती वेळा इकडून तिकडे जायचंय? सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा, की तासाला दहा वेळा? दोनदाच जायचं असेल तर महागडी डबी घेण्यात अर्थ नाही.

डबी न घेता किती भागतं

जवळपास प्रत्येक नव्या मॉनिटरला निदान दोन इनपुट असतात. लॅपटॉप एचडीएमआयला लावा, डेस्कटॉप डिस्प्लेपोर्टला, दोन्ही कायमचे. मॉनिटरच्या बटणाने इनपुट बदला. चित्राचा प्रश्न संपला, तोही मॉनिटरच्या पूर्ण क्षमतेत, कारण मध्ये दुसरं काहीच नाही.

उरला कीबोर्ड आणि माउस. त्यासाठी साधा यूएसबी स्विच मिळतो. एका बाजूला दोन कॉम्प्युटरच्या केबल, दुसऱ्या बाजूला चार यूएसबी पोर्ट, वर एक बटण. किंमत केव्हीएमच्या मानाने किरकोळ. माझ्या मते एक मॉनिटर आणि दोन कॉम्प्युटर एवढाच संसार असलेल्या बहुतेकांनी इथेच थांबावं. दोन बटणं दाबावी लागतात, एक मॉनिटरचं आणि एक स्विचचं, एवढीच काय ती तक्रार.

तीही घालवता येते. मॉनिटर आणि कॉम्प्युटर यांच्यात व्हिडिओ केबलमधूनच डीडीसी-सीआय नावाची बोलणी चालतात. त्यातून कॉम्प्युटर मॉनिटरला ब्राइटनेस बदल, इनपुट बदल असे हुकूम देऊ शकतो. विंडोजवर कंट्रोलमायमॉनिटर, लिनक्सवर डीडीसीयूटिल ही फुकट साधनं हे काम करतात. इनपुट बदलण्याचा कोड हेक्साडेसिमलमध्ये ६०. त्याला १५ हा आकडा (हे पुढचे आकडे मात्र साधे, दशमानातले) दिला की बहुधा पहिलं डिस्प्लेपोर्ट, १७ दिला की पहिलं एचडीएमआय, १८ दिला की दुसरं. काही कंपन्यांचे मॉनिटर वेगळेच आकडे मानतात, तेव्हा एकेक इनपुट हाताने लावून तो आकडा किती होतो ते आधी बघून घ्या. याच तत्त्वावर डिस्प्ले-स्विच नावाचा एक मुक्त प्रोग्रॅम आहे. तो दोन्ही कॉम्प्युटरवर चालू ठेवायचा. कीबोर्ड आला किंवा गेला हे त्याला कळतं आणि तो मॉनिटरला आपोआप इनपुट बदलायला सांगतो. म्हणजे यूएसबी स्विचचं एकच बटण आणि सगळं सोबत. मॉनिटरच्या मेनूत डीडीसी-सीआय बंद करून ठेवलेलं असतं कधीकधी, ते चालू करा. कंपनीच्या लॅपटॉपवर प्रोग्रॅम टाकायची मुभा नसते, हे मात्र खरं. अशा वेळी तो फक्त घरच्या डेस्कटॉपवर ठेवा. कीबोर्ड आल्यावर आणि गेल्यावर, दोन्ही वेळी काय करायचं ते तिथेच नेमून देता येतं.

ब्लूटूथ कीबोर्ड-माउस वापरत असाल तर यूएसबी स्विचही नको. लॉजिटेकच्या बऱ्याच मॉडेलांना तीन यंत्रांशी जोडी जमवता येते आणि १-२-३ ची बटणं असतात. अडचण एकच: कॉम्प्युटर सुरू होताना बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी येणाऱ्या सेटिंगच्या मेनूत, शिरायचं असेल तर ब्लूटूथ कीबोर्ड सहसा चालत नाही. एखादा जुना वायरचा कीबोर्ड कपाटात असू द्या.

नवा मॉनिटर घ्यायचाच असेल तर केव्हीएम आतच असलेला बघा. डेलच्या अल्ट्राशार्प मालिकेत आणि गिगाबाइटच्या एम-२७-क्यू सारख्या मॉडेलांत ही सोय आहे. लॅपटॉप यूएसबी-सीच्या एकाच केबलने जोडायचा; चित्र, यूएसबी आणि चार्जिंग तिन्ही त्यातून. डेस्कटॉपला व्हिडिओची एक आणि यूएसबीची एक अशा दोन केबल. कीबोर्ड-माउस मॉनिटरच्या पोर्टला. मग मेनूत जाऊन कोणत्या इनपुटसोबत कोणती यूएसबी जायची ते नेमून द्यायचं. हे नेमून देणं बहुतेक लोक विसरतात आणि ‘केव्हीएम चालत नाही’ म्हणतात. चार्जिंगचे वॉटही तपासा. मॉनिटर ६५ वॉट देत असेल आणि लॅपटॉपचा अडॅप्टर १३० वॉटचा असेल तर जड कामात बॅटरी हळूहळू उतरत जाते.

दोन्ही यंत्रांना आपापला स्क्रीन असेल, म्हणजे लॅपटॉप शेजारी उघडाच असेल, तर नुसत्या सॉफ्टवेअरनेही भागतं. मायक्रोसॉफ्टच्या पॉवरटॉइजमधलं माउस विदाउट बॉर्डर्स चार विंडोज कॉम्प्युटरपर्यंत एकच माउस फिरवू देतं. अ‍ॅपलवाल्यांकडे मॅकओएस १२.३ पासून युनिव्हर्सल कंट्रोल आहे. विंडोज, मॅक आणि लिनक्स अशी मिसळ असेल तर सिनर्जी, डेस्कफ्लो किंवा इनपुट लीप. बॅरियर हे नाव जुन्या लेखांत सापडेल, पण त्याचा विकास थांबलेला आहे. या सगळ्यांना दोन्ही यंत्रं चालू लागतात, युनिव्हर्सल कंट्रोल सोडलं तर एकाच नेटवर्कवरही, आणि मॉनिटर यातून वाटून घेता येत नाही.

मग केव्हीएम कोणी घ्यावा

मॉनिटर दोन असतील आणि दोन्ही एकदम फिरवायचे असतील. कॉम्प्युटर तीन-चार असतील. मॉनिटरला एकच इनपुट असेल. किंवा इनपुट बदलायचं बटण मॉनिटरच्या मागे, खाली, अशा जागी असेल की ते चाचपडताना दर वेळी भलतंच काही दाबलं जातं. ही शेवटची अडचण ऐकायला क्षुल्लक वाटते, पण दिवसातून वीस वेळा अदलाबदल करणाऱ्याला विचारा.

चित्राचं गणित

डबीच्या खोक्यावर ‘४के’ ठसठशीत लिहिलेलं असतं. त्याच्या शेजारी किती हर्ट्झ ते बघा. एचडीएमआय १.४ ची क्षमता सेकंदाला १०.२ गिगाबिट. यातून ४के, म्हणजे ३८४० गुणिले २१६० चं चित्र ३० हर्ट्झपर्यंत जातं. ३० हर्ट्झवर माउसचा बाण अडखळत सरकतो आणि अर्ध्या तासात डोळे कंटाळतात. ४के ६० हर्ट्झला हवं असेल तर एचडीएमआय २.० लागतं, १८ गिगाबिटचं. एचडीएमआय २.१ मध्ये हीच मर्यादा ४८ गिगाबिट आहे. डिस्प्लेपोर्टमध्ये १.२ ला २१.६ गिगाबिट आणि १.४ ला ३२.४ गिगाबिट; ४के ६० पहिल्यातही बसतं, ४के १२० साठी दुसरं हवं.

साध्या १९२० गुणिले १०८० च्या ६० हर्ट्झ मॉनिटरला यातलं काहीच अडत नाही, एचडीएमआय १.४ ची डबी पुरते. २५६० गुणिले १४४० लाही ६० हर्ट्झपर्यंत चालते. मॉनिटर १४४ हर्ट्झचा असेल तर मात्र एचडीएमआय २.० किंवा डिस्प्लेपोर्ट १.२ च्या खाली जाऊ नका.

एक चलाखी ओळखून ठेवा. काही डब्या ‘४के ६० हर्ट्झ’ लिहितात आणि बारीक अक्षरात ४:२:० असंही लिहितात. म्हणजे रंगाची माहिती कमी करून चित्र कसंबसं बसवलेलं. सिनेमा बघताना कळणारही नाही. पण काळ्यावर लाल किंवा निळी अक्षरं वाचायला घ्या, कडा पुसट दिसतात. दिवसभर एक्सेल किंवा कोड बघणाऱ्याने ४:४:४, म्हणजे रंग न कापणारी, असं लिहिलेलीच डबी घ्यावी.

यानंतरची गोष्ट खोक्यावर फार क्वचित ठळक छापलेली असते, आणि नेमकी तीच रोज त्रास देते. तिचं नाव ईडीआयडी.

प्रत्येक मॉनिटरमध्ये एक छोटी चिप असते. तिच्यात त्याचं नाव, त्याला जमणारी रिझोल्यूशनं, रिफ्रेश रेट वगैरे माहिती भरलेली असते; मूळ भाग अवघा १२८ बाइट्सचा. केबल जोडली की कॉम्प्युटर ती आधी वाचतो आणि त्यानुसार चित्र पाठवतो. आता स्वस्त केव्हीएममध्ये काय होतं? तुम्ही लॅपटॉपवरून डेस्कटॉपवर गेलात की लॅपटॉपच्या दृष्टीने मॉनिटर चक्क उपटला गेला. तो लगेच सगळ्या खिडक्या गोळा करून आपल्या छोट्या स्क्रीनवर आणतो. परत आलात की मॉनिटर नव्याने सापडतो, खिडक्या भलत्याच जागी, भलत्याच आकारात. घरात पाहुणे आल्यावर अंथरुणं आतल्या खोलीत ढकलावीत आणि गेल्यावर पुन्हा मांडावीत, तसं दर बटणाला. डिस्प्लेपोर्टवर हा जाच एचडीएमआयपेक्षा जास्त जाणवतो.

चांगल्या डबीत ईडीआयडी इम्युलेशन असतं. डबी मॉनिटरची माहिती स्वतःकडे उतरवून ठेवते आणि जो कॉम्प्युटर सध्या समोर नाही त्यालाही ती दाखवत राहते. त्याला वाटतं मॉनिटर जागेवरच आहे. खिडक्या हलत नाहीत, बदलही लवकर होतो. स्पेसिफिकेशनमध्ये हा शब्द शोधा. नसेल तर तो गुण नाही असंच धरा. असेल तरी एक प्रश्न उरतो: डबी तुमच्याच मॉनिटरची माहिती उतरवते, की कारखान्यात भरलेली ठरावीक यादी दाखवते? ठरावीक यादी असेल तर ३४४० गुणिले १४४० चा रुंद मॉनिटर किंवा १६५ हर्ट्झ तिच्यात नसण्याची शक्यता मोठी. मॉनिटरचा रिफ्रेश रेट गेमच्या वेगाशी जुळवणारं फ्रीसिंक किंवा जीसिंकही इथेच अडकतं.

डबी आधीच घेऊन बसला असाल तर दोन तोडगे. विंडोज ११ मध्ये डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये मल्टिपल डिस्प्लेज उघडा. मॉनिटरनुसार खिडक्यांच्या जागा लक्षात ठेवण्याचा पर्याय तिथे आहे, तो चालू करा. आणि मॉनिटर निघाल्यावर खिडक्या मिनिमाइझ करण्याचा आहे, तोही. बऱ्याच जणांचं यावर भागतं. नाही भागलं तर ईडीआयडी इम्युलेटर नावाचा बोटाएवढा अडॅप्टर मिळतो. तो कॉम्प्युटर आणि डबी यांच्यामध्ये बसवायचा.

यूएसबीची बाजू

बहुतेक डब्यांवर कीबोर्डचं चिन्ह असलेलं एक पोर्ट, माउसचं एक, आणि शिवाय एक-दोन साधी पोर्ट असतात. दिसायला सगळी सारखी, आतून वेगळी. चिन्हांची पोर्ट इम्युलेटेड असतात: डबी तुमचा कीबोर्ड स्वतः वाचते आणि कॉम्प्युटरला आपलाच एक साधा कीबोर्ड दाखवते. फायदा असा की बदल झटकन होतो आणि कीबोर्डवरूनच यंत्र बदलता येतं. स्क्रोल लॉक दोनदा दाबून १ किंवा २ हा सर्वाधिक आढळणारा मार्ग. काहींत उजवा कंट्रोल दोनदा. तोटा असा की आवाजाची बटणं, मॅक्रो, माउसची जास्तीची बटणं, वायरलेस कीबोर्डचं डोंगल यांना ती पोर्ट ओळखत नाहीत.

कीबोर्ड नीट चालत नसेल तर तो साध्या पोर्टला लावून बघा. सगळी बटणं चालतील, पण मग शॉर्टकटने यंत्र बदलणं जाईल, डबीचं बटण किंवा वायरचा रिमोट वापरावा लागेल. मला हा सौदा मान्य आहे. रिमोट टेबलाच्या कडेखाली चिकटवला की शॉर्टकटची आठवणही येत नाही. शिवाय छोट्या कीबोर्डांना स्क्रोल लॉक नसतोच, तेव्हा विकत घेण्याआधी आपल्या कीबोर्डवर ते बटण आहे का बघा.

वेबकॅम आणि हेडसेट डबीला लावावेत का? माझं उत्तर: मीटिंग ज्या यंत्रावर होतात त्यालाच थेट लावा. नाहीतर मीटिंग चालू असताना घरच्या कॉम्प्युटरवर काहीतरी बघायला बटण दाबाल आणि कॅमेरा-माइक तुमच्यासोबत तिकडे निघून जातील. पेनड्राइव्ह आणि हार्ड डिस्कचं तर आणखी सांभाळा. फाइल उतरत असताना बटण दाबलं तर ती डिस्क खेचून काढल्यासारखीच आहे, डेटा बिघडू शकतो.

भाषेबद्दल एक बारकावा. मराठी इनस्क्रिप्ट किंवा फोनेटिक लेआउट हा कॉम्प्युटरमध्ये असतो, कीबोर्डमध्ये नसतो. एका यंत्रावर मराठी चालू आणि दुसऱ्यावर इंग्रजी असं राहणारच. पासवर्ड चुकतोय असं वाटलं तर आधी टास्कबारच्या कोपऱ्यातली भाषा बघा. विंडोज आणि मॅक अशी जोडी असेल तर ऑल्ट आणि कमांड उलटेपालटे होतात. मॅकच्या कीबोर्ड सेटिंगमध्ये मॉडिफायर कीज म्हणून भाग आहे, तिथे बाहेरच्या कीबोर्डपुरती अदलाबदल करून ठेवा.

दोन मॉनिटर आणि मॅक

दोन मॉनिटरच्या डबीला प्रत्येक कॉम्प्युटरकडून व्हिडिओच्या दोन आणि यूएसबीची एक अशा तीन केबल येतात. दोन कॉम्प्युटर म्हणजे सहा, मॉनिटरकडे जाणाऱ्या दोन, कीबोर्ड-माउस वेगळे, डबीचा अडॅप्टर वेगळा. टेबलामागची जागा आधी बघून घ्या.

लॅपटॉपमधून व्हिडिओची दोन स्वतंत्र आउटपुट निघायला हवीत. एचडीएमआय एक आणि यूएसबी-सी एक असेल तर यूएसबी-सीला अडॅप्टर लावून जमतं. मॅकबुकवाल्यांनी खास सावध राहावं. मूळ एम-१ आणि एम-२ चिपचे मॅकबुक एअर बाहेरचा एकच मॉनिटर चालवतात. एम-३ चा एअर दोन चालवतो, पण झाकण मिटलेलं असताना. आणि डिस्प्लेपोर्टच्या एका केबलमधून दोन वेगळी चित्रं नेण्याची एमएसटी ही सोय मॅकओएस मानत नाही. त्यावर चालणारा डॉक (लॅपटॉपला जास्तीची पोर्ट देणारी डबी) लावला की दोन्ही मॉनिटरवर एकच चित्र दिसतं. यूएसबीवरून चित्र नेणारे डिस्प्लेलिंकचे अडॅप्टर यातून वाट काढतात, पण त्यांना ड्रायव्हर टाकावा लागतो आणि कंपनीचं मशीन असेल तर आयटी विभागाची परवानगी लागते.

जोडणी, क्रमाने

१. आधी डबीशिवाय तपासा. मॉनिटर एकेका कॉम्प्युटरला थेट लावा, ज्या केबल डबीसाठी वापरणार त्यांनीच. रिझोल्यूशन आणि रिफ्रेश रेट लिहून ठेवा. नंतर काही बिघडलं तर दोष कुठे आहे हे या कागदावरून कळेल.

२. केबल छोट्या घ्या. कॉम्प्युटर ते डबी आणि डबी ते मॉनिटर, दोन्हींची लांबी सिग्नलच्या दृष्टीने जवळजवळ एकत्रच धरायची. शिवाय मधल्या डबीतही थोडी घट होतेच. ४के ६० साठी प्रत्येकी दीड मीटरच्या आत राहा. ‘प्रीमियम हाय स्पीड’चं प्रमाणपत्र असलेली एचडीएमआय केबल १८ गिगाबिटला तपासलेली असते. डबीसोबत फुकट आलेली केबल तेवढी असेलच असं नाही.

३. सगळं बंद करा, प्लगही काढा. हे नुसतं पुस्तकी सांगणं नाही. आपल्याकडे अनेक घरांत तीन पिनच्या सॉकेटला अर्थिंग नसतं, किंवा नावापुरतं असतं. अशा डेस्कटॉपच्या पत्र्यावर गळतीचा व्होल्टेज बसलेला असतो. हात लावला की मुंग्या येतात तो हाच. चालू यंत्रात एचडीएमआय खुपसताना तो पोर्टमधून वाट शोधतो आणि पोर्ट जाळू शकतो. दोन्ही कॉम्प्युटर, मॉनिटर आणि डबी एकाच, अर्थिंग असलेल्या सॉकेटवरच्या बोर्डाला लावा.

४. मॉनिटर, कीबोर्ड आणि माउस डबीच्या कन्सोल बाजूला जोडा.

५. पहिल्या कॉम्प्युटरची व्हिडिओ आणि यूएसबी केबल ‘१’ लिहिलेल्या पोर्टांना, दुसऱ्याची ‘२’ ला. क्रमांक चुकले तर चित्र एकाचं आणि कीबोर्ड दुसऱ्याचा असा घोळ होतो. दोन्ही टोकांना कागदी टेपची चिठ्ठी लावा.

६. डबीसोबत अडॅप्टर आला असेल तर तो लावाच, त्याशिवाय चालत असली तरी. यूएसबी २.० च्या पोर्टमधून ५०० मिलिअँपिअर मिळतात; त्यात डबी, दिवेवाला कीबोर्ड आणि हार्ड डिस्क सगळं भागत नाही.

७. आधी मॉनिटर आणि डबी चालू करा. डबी १ वर ठेवून पहिला कॉम्प्युटर सुरू करा, डेस्कटॉप दिसेपर्यंत थांबा. मग २ वर जाऊन दुसरा.

८. दोन्हीकडे रिझोल्यूशन आणि रिफ्रेश रेट पहिल्या कागदाशी ताडून बघा.

९. मॉनिटरच्या मेनूतला आपोआप इनपुट शोधण्याचा पर्याय बंद करा. एक यंत्र झोपलं की मॉनिटर दुसरीकडे शोधत फिरतो, आणि तुम्ही डबीला दोष देत बसता.

१०. दहा-पंधरा वेळा इकडून तिकडे जा. दोन्ही यंत्रं झोपवून उठवून बघा. हे सगळं परत करण्याची मुदत संपायच्या आत करा. बदलताना दोन ते पाच सेकंद स्क्रीन काळा होणं नेहमीचं आहे.

बिघाड कुठे शोधायचा

*चित्र मध्येच जातं किंवा ठिणग्या उडाल्यासारखे ठिपके दिसतात.* केबल. आधी रिफ्रेश रेट खाली आणा. ठिपके गेले तर क्षमता कमी पडतेय हे नक्की. केबल छोटी किंवा चांगली घ्या.

*रिझोल्यूशन अचानक कमी होतं.* कॉम्प्युटर सुरू झाला तेव्हा डबी दुसऱ्या यंत्रावर होती आणि त्याला मॉनिटरची माहिती मिळाली नाही. डबी त्याच्यावर ठेवून पुन्हा सुरू करा. वीज गेल्यानंतर घरातलं सगळं एकदम चालू होतं तेव्हा हे हमखास घडतं. डबी आणि मॉनिटर यूपीएसवर घेतले की थांबतं.

*कीबोर्ड नाही म्हणून कॉम्प्युटर सुरूच होत नाही.* जुन्या मशीनचा हा नखरा. बायोसमध्ये कीबोर्ड नसला तरी पुढे जाण्याचा पर्याय असतो, तो निवडा.

*वायरलेस माउस अडखळतो.* यूएसबी ३.० च्या पोर्ट आणि केबलमधून २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट निघतो, आणि डोंगल त्याच पट्ट्यात बोलतं. डोंगल छोट्या एक्स्टेन्शनवर लावून माउसजवळ आणा.

*ओटीटीवर काळा स्क्रीन, बाकी सगळं ठीक.* एचडीसीपी. कॉपीपासून संरक्षणाची ही बोलणी दर बदलाला नव्याने होतात, आणि ४के कार्यक्रमांना २.२ ही आवृत्ती लागते. डबी ती पाळत नसेल तर सिनेमा थेट केबलने बघा.

*स्पीकरमधून गुणगुण येते.* दोन यंत्रांची धातूची आवरणं डबीतून जोडली गेली आणि अर्थिंगचं वर्तुळ झालं. लॅपटॉप चार्जरवरून काढा. आवाज थांबला तर कारण सापडलं. स्पीकर डबीच्या ऑडिओ जॅकऐवजी यूएसबीवर घ्या, किंवा ग्राउंड लूप आयसोलेटर लावा.

*कंपनीच्या लॅपटॉपला यूएसबीच दिसत नाही.* बऱ्याच ठिकाणी अनोळखी यूएसबी उपकरणं धोरणाने बंद असतात. याला घरी इलाज नाही. आयटी विभागाला डबीचं मॉडेल कळवून विचारा, शक्यतो विकत घेण्याआधी. डबीला पेनड्राइव्ह लावून ठेवू नका. बटण दाबताच तो कंपनीच्या मशीनला जोडला जातो आणि त्याची नोंद तिकडे होते.

दुकानात काय मागाल

लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तपकीर गल्लीत नुसतं ‘एचडीएमआय स्विच’ मागितलंत तर वेगळीच वस्तू हातात पडेल: अनेक इनपुट आणि एक आउटपुटची, यूएसबी नसलेली डबी. ‘स्प्लिटर’ तर उलटा, एका कॉम्प्युटरचं चित्र दोन मॉनिटरवर दाखवणारा. तुम्हाला हवाय तो ‘यूएसबीवाला केव्हीएम, दोन पोर्ट’. मग ४के ६०, ४:४:४ आणि ईडीआयडी इम्युलेशन या तीन गोष्टी विचारा. शेवटच्या प्रश्नावर दुकानदार गोंधळला तर खोक्यावरचं मॉडेल घेऊन कंपनीचं माहितीपत्रक फोनवर उघडा.

दुकानातल्या बिलिंगसाठी किंवा सीसीटीव्हीचा डीव्हीआर आणि जुना कॉम्प्युटर एका मॉनिटरवर आणायला व्हीजीएचा जुना केव्हीएम अजून उत्तम चालतो आणि पडीक भावात मिळतो. तिथे ईडीआयडीची चिंता फारशी नाही. पण व्हीजीए अ‍ॅनालॉग आहे, केबल लांब घेतली की अक्षरांच्या मागे सावली पडते. जुन्या कीबोर्ड-माउसचे पीएस-टूचे गोल प्लग असतील तर कॉम्प्युटर चालू असताना ते काढू-घालू नका, मदरबोर्डवरचं पोर्ट जाऊ शकतं.